एक्सपीवरचं पेजमेकर नव्या मशीनवर चालवायचंय: कोणतं व्हर्च्युअल मशीन घ्यावं?

खिळेजुळणी (मिरज)

नमस्कार मंडळी,

मिरजेत आमचा छोटा छापखाना आहे. स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं. २००३ पासूनचं सगळं काम पेजमेकर ७ (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये आहे आणि मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टांत, म्हणजे युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेताच्या) आधीच्या. हे सगळं एकाच विंडोज एक्सपीच्या मशीनवर चालतं. आता त्या मशीनचा भरवसा राहिलेला नाही. सकाळी सुरू व्हायला कुरकुर करतं आणि हार्ड डिस्क मधूनच टकटक वाजते. टायपिंगच्या पॅकेजला यूएसबीचं लॉक आहे. ते मागे लावलेलं असेल तरच पॅकेज उघडतं.

एका लेखिकेच्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची आहे. पहिली आम्हीच काढली होती, फाइली आहेत. चार कविता वाढवायच्या, दोन ठिकाणी दुरुस्त्या करायच्या आणि सीटीपीवाल्याला (संगणकावरून थेट छपाईच्या प्लेटा काढणाऱ्याला) पीडीएफ द्यायची. काम एवढंच आहे, पण ते करायचं तर पेजमेकर जिवंत हवं.

माझ्याकडे दोन पर्याय आहेत. दुकानात नवा डेस्कटॉप घेतलाय: इंटेल आय-५, १६ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट. दुसरा म्हणजे मुलीचा मॅकबुक एअर, एम२, ८ जीबी. ती म्हणते, "बाबा, माझ्या मॅकवर विंडोज टाकू, सगळ्यात वेगवान तेच आहे."

एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने दुसरं मशीन उभं करतात, त्याला व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणतात, एवढं कळलं. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, पॅरलल्स, यूटीएम, वाइन अशी नावं वाचली. यातलं काय घ्यावं? थोडे पैसे गेले तरी चालतील, पण दरवर्षीचा खर्च नको.

---

मॅकमेघा (बंगळुरू)

दादा, मुलीचं ऐका. मी एम१ मॅकवर पॅरलल्समध्ये विंडोज ११ वापरते, ऑफिसची दोन विंडोज सॉफ्टवेअरं त्यातच चालतात. बसवायला काही कळावं लागत नाही, विंडोज तेच उतरवून घेतं. फेब्रुवारी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनेही ॲपल सिलिकॉनवर (एम१, एम२ सारख्या प्रोसेसरांवर) पॅरलल्समधून विंडोज ११ चालवायला अधिकृत मान्यता दिलीय. वेग उत्तम. पंखाच नसल्यामुळे आवाजही नाही.

पैसे मात्र मोजावे लागतात. विंडोजचा परवाना वेगळा घ्यायचा, हेही धरून चला.

---

सह्यकडा (पुणे)

खिळेजुळणी साहेब, घाई करू नका. मेघाताईंचं त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे, तुमच्या कामाला ते लागू पडणार नाही. व्हर्च्युअल मशीनच्या नावापासून सुरुवात केली की गोंधळ होतो. आधी दोन गोष्टी बघायच्या: खालच्या मशीनचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, आणि आतल्या प्रोग्रामला ड्रायव्हर (उपकरण ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो का. तुमच्या बाबतीत दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण तुमच्याकडे लॉक आहे.

जरा सविस्तर सांगतो.

व्हर्च्युअल मशीन वेगाने चालतं, कारण आतल्या विंडोजच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये त्यासाठी प्रोसेसरातच सोय केली. पण हे व्हायला आतलं विंडोज आणि बाहेरचा प्रोसेसर एकाच जातीचे हवेत. तुमचं एक्सपी इंटेल जातीचं आणि तुमचा डेस्कटॉपही इंटेल, त्यामुळे जोडी जमते. एम२ हा एआरएम जातीचा. त्यावर पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये जे विंडोज पुऱ्या वेगाने चालतं, ते एआरएमसाठीचं विंडोज ११. एक्सपी नव्हे.

आता कोणी म्हणेल, विंडोज ११ च्या एआरएम आवृत्तीत जुने इंटेलचे प्रोग्राम चालतात की! चालतात. त्यात भाषांतराची सोय आहे आणि ती चांगली आहे. पण ती साध्या प्रोग्रामांपुरती. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसतो आणि कर्नलमधल्या गोष्टींचं भाषांतर होत नाही, तिथे ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. तुमच्या लॉकचा ड्रायव्हर एक्सपीच्या काळातला. पेजमेकर कदाचित उघडेल, टायपिंगचं पॅकेज लॉक सापडत नाही म्हणून बंद होईल.

आणखी एक अडचण. त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरांचा इन्स्टॉलर १६ बिटी असायचा, आतला प्रोग्राम ३२ बिटी असला तरी. ६४ बिटी विंडोज १६ बिटी काहीच चालवत नाही. सीडी घातली की पहिल्याच पायरीवर अडतं.

माझं मत: मॅक मुलीला अभ्यासाला ठेवू द्या. मिंटच्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात ३२ बिटी एक्सपी. फुकट आहे, दरवर्षी काही नाही.

---

रानवाट (नाशिक)

सह्यकडा यांना +१.

विंडोज लॅपटॉप असणाऱ्यांसाठी भर घालतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं व्हीएमचं सॉफ्टवेअर आयतंच मिळतं, होममध्ये मिळत नाही. फुकट आहे, दमदार आहे. पण हायपर-व्हीमध्ये यूएसबीचं उपकरण सरळ आत देता येत नाही, म्हणून लॉकवाल्यांनी तिकडे जाऊच नये. शिवाय हायपर-व्ही चालू असताना व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यावर स्वार होऊन चालतं आणि मंदावतं. व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं तर कारण हेच समजा.

---

मॅकमेघा (बंगळुरू)

ड्रायव्हरचा मुद्दा मान्य. माझ्या कामात लॉक नाही, म्हणून तो प्रश्न माझ्यासमोर आलाच नव्हता.

पण मॅकचं दार पूर्ण बंद नाही. यूटीएम आहे ना! त्याच्या पोटात क्यूईएमयू असतं, ते अख्खा इंटेल प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं. मग आत खरं ३२ बिटी एक्सपी बसतं आणि एक्सपीच्या कर्नलमध्ये एक्सपीचाच ड्रायव्हर. यूटीएममध्ये यूएसबी आत देण्याची सोयही आहे. त्यांच्या साइटवरून फुकट मिळतं, ॲप स्टोअरवर तेच पैसे देऊन. मग "मॅकवर लॉक चालणारच नाही" असं सरसकट कसं म्हणता येईल?

---

सह्यकडा (पुणे)

मेघाताई, मुद्दा अगदी बरोबर आणि लोक हाच फरक विसरतात. पॅरलल्समध्ये विंडोज एआरएमचं आणि भाषांतर फक्त प्रोग्रामचं. यूटीएममध्ये अख्ख्या प्रोसेसरचंच भाषांतर, म्हणून ड्रायव्हरही आत बसतो.

किंमत वेगात मोजावी लागते. प्रत्येक सूचना बदलून चालवायची, म्हणजे मूळ वेगाच्या मानाने खूपच मंद. एक्सपी हलकं असल्याने उघडेल, चार ओळी दुरुस्तही करता येतील. दोनशे पानांच्या पुस्तकात चित्रं आहेत आणि तुम्ही पान मोठं करून रफार तपासताय, तर प्रत्येक वेळी पान रंगेपर्यंत थांबावं लागेल. छापखान्यात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. दाराशी इंटेलचा डेस्कटॉप असताना हा रस्ता धरायचं कारण नाही. ज्यांच्याकडे फक्त मॅक आहे आणि वर्षातून एकदा जुनी फाइल उघडायची आहे, त्यांना यूटीएम उत्तम.

---

लिनक्सवारी (नागपूर)

लिनक्स आहेच तर वाइन का नको? १९९३ पासून काम चालू आहे, आजही दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते. विंडोजच लागत नाही, म्हणजे परवानाही लागत नाही. प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो ते वाइन लिनक्सच्या भाषेत पुरवतं. आख्खं दुसरं ऑपरेटिंग सिस्टिम उभं करायचं, त्याला रॅम द्यायची, डिस्क द्यायची, हा सगळा भार टळतो. माझ्या मते व्हीएम हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

---

सह्यकडा (पुणे)

लॉक नसतं तर मीही आधी वाइनच सुचवलं असतं. पण वाइनमध्ये विंडोजचा कर्नल नाही, त्यामुळे यूएसबी लॉकचा जुना ड्रायव्हर सहसा त्यात बसतच नाही. दुसरं म्हणजे, टायपिंगचं पॅकेज कीबोर्डची कळ मधल्या मध्ये पकडून तिच्या जागी फॉण्टातला आकार टाकतं. अशा खोलवर शिरणाऱ्या प्रोग्रामांचा वाइनमध्ये नेम नसतो. नुसत्या फाइली उघडून बघायच्या असतील तर जरूर करून पाहा.

केव्हीएम या लिनक्समधल्या व्हीएमच्या सोयीचंही नाव घेऊन ठेवतो. २००७ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, व्हर्ट-मॅनेजर नावाची खिडकी घेतली की माऊसने सगळं करता येतं आणि यूएसबी लॉक आत देणं अगदी सरळ आहे. मी स्वतः तेच वापरतो. खिळेजुळणींना व्हर्च्युअलबॉक्स सांगतोय, कारण शेअर्ड फोल्डरची (आत-बाहेर दोन्हीकडून उघडणाऱ्या फोल्डरची) सोय एक्सपीसाठी त्यात सोपी आहे आणि उद्या दुकानात मिंट जाऊन विंडोज आलं तरी तीच व्हीएम उचलून तिकडे नेता येईल.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनही चालेल. नोव्हेंबर २०२४ पासून ते धंद्यासाठीही फुकट आहे, फक्त व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉम हिच्या पोर्टलवर खातं काढून उतरवावं लागतं.

---

शब्दवेल्हाळ (ठाणे)

मी संपादनाचं काम करते, तांत्रिक बाबतीत सह्यकडांनी सांगितलं ते सांगितलं. पण मूळ प्रश्नालाच प्रश्न विचारते: पेजमेकर जिवंत का ठेवायचं? इनडिझाइन या पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन टाका ना. आज नाही तर उद्या ते करावंच लागणार.

---

खिळेजुळणी (मिरज)

ताई, तो विचार केला होता. पेजमेकरच्या फाइली उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे २०१२ चं सीएस६. त्यानंतरच्या सबस्क्रिप्शनवाल्या आवृत्त्या त्या उघडतच नाहीत. म्हणजे इनडिझाइनकडे जायचं तरी मधला टप्पा जुन्या विंडोजचाच. शिवाय फाइल उघडली तरी मजकूर जुन्या फॉण्टाच्या संकेतातच राहतो, फॉण्ट बदलला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

सह्यकडा सर, तुमचं म्हणणं पटलं. डेस्कटॉपवरच करतो. आता विचारायचं असं: एक्सपी नव्याने टाकू का आहे ते मशीनच जसंच्या तसं आत नेता येईल? टायपिंग पॅकेजची सीडी आहे, पण तिच्यावर ओरखडे आहेत.

---

सह्यकडा (पुणे)

जसंच्या तसं नेता येतं. पण डिस्क टकटक करतेय म्हणालात, तेव्हा व्हीएमचं नंतर बघू. त्या मशीनवर काम करणं आजच थांबवा आणि आधी डिस्कची प्रत काढा. अशी डिस्क प्रत्येक वेळी सुरू करताना आणखी झिजते.

मशीन उघडून डिस्क बाहेर काढा. रुंद पट्टीची केबल असेल तर ती आयडीई डिस्क, तिला यूएसबीचं अडॅप्टर बाजारात मिळतं. मिंटच्या मशीनला लावा, पण माउंट करू नका, म्हणजे तिच्यातले फोल्डर उघडू नका. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम टाका. साधी कॉपी खराब जागी अडकून बसते. हा प्रोग्राम आधी चांगला भाग पटापट उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. कुठपर्यंत आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. मात्र ती नोंदीची फाइल द्यायला विसरू नका.

निघालेल्या प्रतिमेची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. त्या मूळ प्रतिमेला पुन्हा हात लावायचा नाही.

मग व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजला 'कन्व्हर्टफ्रॉमरॉ' हा हुकूम देऊन तिची व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कची, फाइल करा. नवं मशीन बनवताना विंडोज एक्सपी ३२ बिट निवडा, रॅम १ जीबी, प्रोसेसर एकच. डिस्क आयडीई कंट्रोलरवर लावायची, प्रकार पीआयआयएक्स४. सॅटावर (नव्या पद्धतीच्या कंट्रोलरवर) लावलीत तर एक्सपीकडे तिचा ड्रायव्हर नसतो आणि निळा स्क्रीन येतो. जुन्या मशीनच्या प्रोसेसरात हायपरथ्रेडिंग असेल तर सिस्टिमच्या पानावर आयओ एपिकसमोर खूण करा.

आयडीईवर लावूनही निळा स्क्रीन आला आणि त्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी दिसलं, तर एक्सपीला नवा कंट्रोलर ओळखता आलेला नाही. त्यासाठी मर्जआयडीई नावाची छोटी रजिस्ट्रीची दुरुस्ती असते, ती लागेल. तसं झालं तर इथे लिहा.

नेटवर्क 'नॉट अटॅच्ड' ठेवा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलंय. आतल्या एक्सपीला इंटरनेटचं काही काम नाही.

---

पुस्तकप्रेमी_सुहास (डोंबिवली)

वाचनखूण साठवली. आमच्या ग्रंथालयाची जुनी सूचीही अशाच एका मशीनमध्ये अडकलीय.

---

खिळेजुळणी (मिरज)

डिस्कची प्रत निघाली. रात्रभर चालू ठेवलं होतं. शेवटी थोडा भाग वाचता आला नाही असं दाखवतंय, पण पुस्तकांचे सगळे फोल्डर उघडले. जीव भांड्यात पडला.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी सुरूही झालं. निळा स्क्रीन नाही आला. आपला तोच जुना डेस्कटॉप, तीच चिन्हं नव्या पडद्यावर बघून फार बरं वाटलं.

अडचण अशी की लॉक आत दिसत नाही. बाहेर मिंटमध्ये लावलं की त्याचा दिवा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबीच्या यादीत मात्र काहीच नाही, यादीच रिकामी.

आणि एक्सपी ॲक्टिव्हेशन मागतंय.

---

सह्यकडा (पुणे)

यादी रिकामी याचा अर्थ तुमच्या लिनक्सच्या खात्याला यूएसबी हाताळायची परवानगी नाही. 'व्हीबॉक्सयूजर्स' नावाचा ग्रुप असतो, त्यात तुमचं खातं घाला. मिंटमध्ये 'यूजर्स अँड ग्रुप्स'मधून होतं. नंतर लॉग आउट करून पुन्हा या, नाहीतर बदल लागू होत नाही. मग व्हीएमच्या सेटिंगमध्ये यूएसबीच्या पानावर लॉकसाठी फिल्टर जोडा, म्हणजे दर वेळी हाताने खूण करावी लागणार नाही. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ मुळातच येतं, त्यासाठी एक्स्टेन्शन पॅक लागत नाही. तो पॅक धंद्यासाठी फुकट नाही, म्हणून छापखान्यात टाकूच नका.

ॲक्टिव्हेशन अपेक्षित होतं. एक्सपीला सगळं हार्डवेअर बदललेलं दिसतंय. परवाना कोणता आहे ते बघा. दुकानातून वेगळा विकत घेतलेला असेल तर तो दुसऱ्या मशीनवर नेता येतो. मशीनबरोबर आलेला, म्हणजे ओईएम असेल, तर तो त्या मशीनपुरताच असतो.

---

गोंयचो_सीए (मडगाव)

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण माझं काम याच्याशी लागून आहे. माझ्याकडे घरी मॅक, ऑफिसात विंडोज. टॅली विंडोजवरच चालतं. मार्चमध्ये घरून काम करावं लागतं. मीही व्हीएम घ्यावं का?

---

रानवाट (नाशिक)

तुम्हाला व्हीएमची गरजच नाही सीए साहेब. ऑफिसचं मशीन चालू ठेवा आणि मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात जा, मॅकसाठी मायक्रोसॉफ्टचं ॲप फुकट आहे. गिऱ्हाइकांचा डेटाही ऑफिसातच राहतो. ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो हवं, होममध्ये बाहेरून असं आत येता येत नाही. पोर्ट उघडून थेट इंटरनेटवर मात्र ठेवू नका, मध्ये व्हीपीएन घ्या.

---

खिळेजुळणी (मिरज)

लॉक दिसलं! ग्रुपचंच होतं. पॅकेज उघडलं, कीबोर्ड सुरू झाला, पेजमेकरमध्ये मराठी टाइप झालं. एक्सपीची मूळ सीडी आणि तिची पावती दोन्ही वडिलांच्या कपाटात सापडली, वेगळी विकत घेतलेली होती, त्यामुळे परवान्याचाही प्रश्न मिटला.

आता पीडीएफ. आमचा सीटीपीवाला म्हणतो फॉण्ट आत घातलेली पीडीएफ पाहिजे, नाहीतर त्याच्याकडे जोडाक्षरं तुटतात. पूर्वी आम्ही लेझरवर ट्रेसिंग काढून द्यायचो, तेव्हा हा प्रश्न नव्हता.

---

सह्यकडा (पुणे)

पेजमेकर ७ बरोबर ॲक्रोबॅट डिस्टिलर हा पीडीएफ बनवणारा प्रोग्राम येत असे, ते बसवलेलं असेल तर तेच वापरा. नसेल तर दुसरा मार्ग सांगतो.

पेजमेकरच्या प्रिंटच्या खिडकीत पोस्टस्क्रिप्ट (छपाईचं पान वर्णन करणारी भाषा) प्रिंटर निवडा आणि छापण्याऐवजी फाइलमध्ये लिहायचा पर्याय घ्या. तिथेच फॉण्ट फाइलमध्ये घालायचं विचारतं, त्यात ट्रूटाइपही असलेला पर्याय निवडा. ही पोस्टस्क्रिप्ट फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाका. त्यासाठी आत गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर बसवावं लागेल. नेटवर्क तोडलेलं असलं तरी शेअर्ड फोल्डर चालतो. मिंटमध्ये घोस्टस्क्रिप्ट असतंच, त्यातलं पीएस२पीडीएफ चालवलं की पीडीएफ तयार.

मग मिंटमध्येच पीडीएफफॉण्ट्स हा हुकूम चालवून बघा. फॉण्टांची यादी येते, प्रत्येकासमोर तो आत घातलाय की नाही ते दिसतं. एकाही ओळीत 'नो' असेल तर ती पीडीएफ सीटीपीला पाठवू नका.

---

शब्दवेल्हाळ (ठाणे)

आणि डोळ्यांनीही तपासा. मी एक पान वेगळं करून त्यात अडचणीची अक्षरं घालते: वाङ्मय, कर्तृत्व, पुऱ्या, उद्ध्वस्त, श्रद्धा, ऱ्हास. ते पान नीट आलं की बाकीचं सहसा नीट येतं. कवितेत ओळी लहान असतात, एक रफार सरकला तरी डोळ्यांत खुपतो.

दादा, आणखी एक कळकळीने सांगते. आता ही फाइल उघडतेयच, तर कवितांचा मजकूर युनिकोडमध्येही करून ठेवा. लेखिकेला ई-पुस्तक काढायचं असेल, कोणाला एखादी कविता उद्धृत करायची असेल, शोधायची असेल, तर जुन्या फॉण्टातला मजकूर कोणाच्याच कामाचा नाही. पीडीएफमधून कॉपी केला तरी खिचडीच येते.

---

खिळेजुळणी (मिरज)

ताई, रूपांतराचे प्रोग्राम आहेत, पण किती विश्वास ठेवायचा?

---

शब्दवेल्हाळ (ठाणे)

पहिल्या खर्ड्याइतका. जुन्या फॉण्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, त्यामुळे रूपांतर करताना दोन्हींची जागा बदलावी लागते. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की चुका होतात. 'मूर्ती' नीट होईल, 'वार्षिक' किंवा 'आर्थिक' बघून घ्यावं लागेल. अवतरणचिन्हं आणि आकडेही तपासा. पद्याला पूर्ण प्रूफ वाचनाला पर्याय नाही, मूळ छापील प्रत शेजारी ठेवून.

आणि हे सगळं एका पुस्तकापुरतं करू नका. वीस वर्षांत तुमच्याकडून तालुक्यातल्या किती संस्थांच्या स्मरणिका छापल्या गेल्या असतील! त्यांच्याकडे स्वतःकडेही प्रती नसतात. तो मजकूर तुमच्या एका डिस्कमध्ये आहे.

---

लिनक्सवारी (नागपूर)

या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. वाइनचा आग्रह मी सोडतो. मात्र व्हीएम हा कायमचा निवारा समजू नका. लॉक बंद पडलं तर आतलं एक्सपी कितीही जपलेलं असलं तरी टायपिंग थांबेल. लॉक धडधाकट आहे तोवर मजकूर बाहेर काढून घ्या.

---

सह्यकडा (पुणे)

बरोबर. व्हीएममुळे जुनं मशीन गेलं तरी काम राहतं, पण लॉक हे खरंखुरं हार्डवेअर, त्याची प्रत डिस्कसारखी निघत नाही. विक्रेत्याकडे चौकशी करा, नव्या आवृत्तीत लॉकऐवजी दुसरी सोय मिळते का.

व्हीएम आता चालतेय, तेव्हा ती बंद करून एक स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर तिथे परत जाता येतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. व्हीएमचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर वेगळा ठेवा. आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट एक्सपीत लावू नका. बाहेर मिंटमध्ये उघडा, हवी ती फाइल तेवढी शेअर्ड फोल्डरमधून आत द्या.

एक सूचना मिंटच्या पुढच्या अपडेटसाठी. कर्नल बदलला की कधीकधी व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच अडवणारी सोय) चालू असेल तर त्याच्या मॉड्यूलला सही लागते. सही ठीक असूनही अडलं तर बहुधा केव्हीएमचं मॉड्यूल आधीच प्रोसेसरची सोय धरून बसलेलं असतं, ते उतरवलं की चालतं. हातात काम असताना कर्नल अपडेट करू नका.

---

खिळेजुळणी (मिरज)

पीडीएफ गेली. सगळ्या फॉण्टांसमोर 'यस' होतं आणि ताईंनी दिलेल्या शब्दांचं पानही नीट आलं. सीटीपीवाल्याने पहिल्या फर्म्याच्या प्लेटा काढल्या, प्रूफ बघितलं, जोडाक्षरं ठीक आहेत.

युनिकोडचं कामही धरलंय. मुलगी मॅकवर रूपांतर करते, मी छापील प्रतीवरून वाचतो. आधी हा संग्रह, मग शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. शब्दवेल्हाळ ताई म्हणाल्या तसं, त्या संस्थांना मजकूर पेनड्राइव्हवर भरून देणार आहे. सर्वांचे मनापासून आभार.

---

कंपोझिटर_जळगाव

सगळा धागा वाचला, माझंही असंच आहे. फक्त माझं लॉक यूएसबीचं नाही, प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टवर बसणारं आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. दुकानदार म्हणतो यूएसबीवरून तो पोर्ट काढणारी केबल घ्या. घेऊ का?

---

सह्यकडा (पुणे)

घेऊ नका. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते, लॉकला जे खरे पोर्टचे पत्ते लागतात ते ती देत नाही. पैसे वाया जातील. तुम्हाला असा डेस्कटॉप लागेल ज्याच्या बोर्डावरच तो पोर्ट आहे किंवा ज्यात त्या पोर्टचं पीसीआय कार्ड बसतं. त्यावर लिनक्स टाकून केव्हीएम वापरलं तर खरा पोर्ट एक्सपीला आत देता येतो. तुमच्या मशीनच्या बोर्डावरचा मॉडेल क्रमांक आणि लॉकवर छापलेलं नाव इथे लिहा, मग काय जमतं ते बघू. आणि तोवर डिस्कची प्रत काढून ठेवा.